व्याही पाणी घेत नव्हता

आमच्या घरातला सागाचा पाळणा बायकोने माळ्यावरून उतरवून भावकीत देऊन टाकला, त्या वर्षाची ही गोष्ट. माझ्या बापाने तो करवून घेतला होता. त्यात मी झोपलो, माझा मुलगा कल्पेश झोपला. कल्पेशच्या लग्नाला सात वर्षं होत आली तरी पाळण्यावर नुसती धूळ. शेवटी एका सकाळी बायको म्हणाली, पुसून पुसून माझे हात दुखले. आणि चुलतभावाच्या सुनेला दिवस गेले होते, तिच्याकडे तो पोचता केला. टेम्पोत चढवताना एक बाजू बायकोने धरली आणि दुसरी आमच्या सुनेने, दर्शनाने.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी आणि माझा व्याही हसुराम म्हात्रे, दर्शनाचा बाप, समुद्राकाठच्या एका उभ्या कड्यावर, रोपवेच्या काचेच्या डब्याच्या दारात, आधी कोण चढणार यावरून भांडत उभे होतो.

बेट पोर्तुगीजांचं. त्याचं नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही, पण आमच्याकडचा रेवदंड्याचा किल्ला ज्यांनी बांधला त्यांचंच ते. कल्पेश त्यांच्या देशात जहाजं दुरुस्त करायच्या कामावर होता. पाळणा दिला त्यानंतर दर्शनाही त्याच्याकडे गेली. दोघांनी सुट्टी काढून आम्हा म्हाताऱ्यांना बोलावलं आणि हवापालट म्हणून या बेटावर आणलं. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला नुसता डोंगर. कड्याच्या माथ्यावर रस्ता, आणि खाली, अगदी खाली, कडा आणि लाटा यांच्या मधे चिमूटभर सपाट जमीन. तिथे केळीच्या बागा, द्राक्षाचे मांडव, चार घरं आणि एक खाणावळ. पूर्वी तिथल्या लोकांना होडीशिवाय वाट नव्हती. मग केळी वर चढवायला त्यांनी हा रोपवे टाकला, आणि आता त्यातून आमच्यासारखे हौशी लोक उतरत होते. रायगडावरचा रोपवे मी पाहिला होता. हा त्याच्याहून वाईट. त्याची दोरी पुढे जातच नव्हती, सरळ खाली पडत होती.

बायकोने लांबूनच हात जोडले. "एक पाळणा मी देऊन टाकला. आता दुसऱ्यात मला बसवू नका," म्हणाली, आणि सावलीत जाऊन बसली. दर्शनाने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. हसुरामनेही ऐकलं. त्याने आपली पिशवी बाकावर आपटली.

डब्यात आम्ही चौघं मावलो असतो. पण कल्पेश आणि दर्शना आधीच्या फेरीने पुढे निघून गेली. आम्हा दोघांना एका डब्यात कोंडलं की तोंड उघडतील, असं त्यांना वाटलं असावं. तोंडं उघडली, पण चढायच्या आधीच.

हसुराम आणि मी एकमेकांशी सरळ बोललो त्याला पाच वर्षं झाली होती. लग्नानंतर पहिली दोन वर्षं तो आमच्या घरी यायचा, मांडी ठोकून जेवायचा, जिताडा माशाच्या कालवणाचा वाडगा तोंडाला लावायचा. आणि मग एकाएकी त्याने आमच्या घरचं पाणी सोडलं. आमच्यात जुनी चाल होती, की मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. ती माझ्या आज्याच्या वेळची. आता कोण पाळतं? हसुरामला ती लग्नाला दोन वर्षं झाल्यावर आठवली. तो यायचा, ओट्यावर बसायचा, सुनेने तांब्या आणला की हात जोडायचा. ओट्यावर शेजारपाजारची चार माणसं असायचीच. त्याचे ते जोडलेले हात म्हणजे गावाला दिलेली दवंडी, की या घरात अजून मूल नाही.

बायकोचं म्हणणं, हा आपल्या घराला बोल लावतो. मला वेगळा राग होता. भरलेला तांब्या परत आत नेताना दर्शनाची मान खाली जायची. आपल्याच पोरीला भर ओट्यावर असं उघडं पाडणारा बाप मी दुसरा पाहिला नव्हता. आणि ही पोर कशी, तर मी मिठागरावरचा माणूस, पन्नाशी उलटेपर्यंत अंगठा उठवायचो, मला अक्षरं हिने शिकवली. संध्याकाळी पाटी घेऊन समोर बसायची. मिठाने माझी बोटं फाटलेली, पेन्सिल धरवायची नाही. ती कधी हसली नाही. तिचा बाप तिला मान खाली घालायला लावतो, हे मला सोसत नव्हतं.

बेटावरही त्याने तेच केलं. येण्याचं तिकीट स्वतःचं काढलं. आम्ही उतरलो त्या हॉटेलात राहिला नाही. गल्लीच्या टोकाला एका म्हातारीकडे खोली घेतली. घरून आणलेली सुकट विमानतळावर काढून घेतली, तेव्हा पाव आणि केळी विकत घेऊन त्यावर राहिला. आम्ही जेवायला बसलो की समोर येऊन बसायचा, पुढ्यातला पाण्याचा पेला पालथा घालायचा. जावयाच्या पैशाचं ते मुलीच्या घरचंच, एवढंच त्याचं बोलणं. वाढणारा पोऱ्या पेला सुलटा करायचा, हा पुन्हा पालथा घालायचा.

आदल्या संध्याकाळी कल्पेश मला एकट्याला बंदरावर फिरायला घेऊन गेला होता. तिथे त्याने मला एक गोष्ट सांगितली आणि कुणाला न सांगण्याचा शब्द घेतला. त्याच्या आईलाही नाही, आणि हसुरामला तर मुळीच नाही. ती गोष्ट पोटात घेऊन मी कड्यावर आलो होतो. तिच्यामुळे मला हसुरामच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, आणि बघवत नव्हतं म्हणून राग आणखी चढत होता.

मी म्हटलं, चढा आधी. तो म्हणाला, "तुम्ही चढा, घरत. मुलाकडचे तुम्ही, मान तुमचा."

"मान काय करायचाय? तुम्ही आमच्याकडे पाणीसुद्धा घेत नाही."

"ते माझं मी बघीन."

"गाव बघतं, व्याही. तुम्हाला बघायची गरज नाही."

दारावरच्या माणसाला आमचं काही कळत नव्हतं, पण मागे रांग होती ते त्याला कळत होतं. त्याने आम्हा दोघांच्या पाठीवर एकेक हात ठेवला, आत लोटलं आणि दार लावलं. डबा हलला तेव्हा हसुरामने काचेला तोंड लावून मागे पाहिलं. त्याची कापडी पिशवी बाहेरच्या बाकावर राहिली होती. त्यात त्याचा पाव, त्याची केळी आणि त्याचं पाणी.

"तुमच्यामुळे राहिली," तो म्हणाला.

पिशवी खाली ठेवून भांडा असं मी सांगितलं नव्हतं, असं मी उत्तर दिलं. मग तो एका काचेकडे तोंड करून बसला, मी दुसऱ्या.

पायाखालची जमीन गेली की माणसाच्या तळपायाला मुंग्या येतात. माझे तळपाय मिठागरात रापलेले, काचेवर चाललो तरी कळू नये असे, त्यांनाही आल्या. कडा इतक्या जवळून वर सरकत होता की त्याच्या फटींतलं गवत दिसत होतं. समोर समुद्र उभा होता. आडवा समुद्र मी जन्मभर पाहिला, असा भिंतीसारखा उभा कधी नाही.

निम्म्याच्या थोडं खाली गेलो असू, तेव्हा वारा सुटला. खालून वर येणारा वारा. मिठागरावर असा वारा आला की आम्ही मिठाचे ढीग झाकायला धावायचो. डबा आधी कडेकडेने डुलला, मग एक हिसका बसला आणि जागच्या जागी थांबला. छताशी एक पेटी होती तिच्यातून एक बाई बोलली. एकदा त्यांच्या भाषेत, एकदा इंग्रजीत. दोन्ही आम्हाला सारख्याच. बोलून झाल्यावर पेटी गप्प झाली, आणि डबा घड्याळाच्या लंबकासारखा झुलायला लागला.

घाबरलेली माणसं एक तर देवाचं नाव घेतात नाहीतर भांडतात. आम्ही भांडलो. सुरुवात त्याने केली. पाळण्याचं जे बोलणं वर झालं ते काय होतं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बायकांचं बोलणं. तो म्हणाला, बायकांचं बोलणं गावभर फिरतं. त्याच्या पोरीला पाणवठ्यावर, हळदीला, बारशाला काय काय ऐकावं लागलं ते सगळं त्याच्या कानावर आलंय, आणि त्यातलं निम्मं माझ्या बायकोच्या तोंडून निघालंय. मी म्हटलं, आणि उरलेलं निम्मं तुमच्या जोडलेल्या हातांतून. बायको चार भिंतींत बोलते, तुम्ही ओट्यावर तमाशा मांडता. तो म्हणाला, माझ्या पोरीबद्दल मला शिकवायचं काम नाही. मी म्हटलं, पोर तुमची होती, आता ती आमची आहे, आणि तिचा अपमान करायला आमच्या ओट्यावर येत जाऊ नका.

त्यावर त्याने मला एक शिवी द्यायला घेतली. ती अर्धीच राहिली.

हसुराम म्हात्रे शिवी अर्धी सोडणाऱ्यांतला नव्हता. मी वळून बघितलं. वारा एवढा, डब्याच्या वरच्या फटीतून गार झोत येत होता, आणि या माणसाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सदरा पाठीला चिकटला होता. हाताने त्याने बाकाची कड पकडली होती आणि त्या कडेवर त्याची अंगठी टकटक वाजत होती. हात थरथरत होता म्हणून वाजत होती.

"साखरेच्या आजाराची गोळी घेतलीत सकाळी?"

त्याने होकाराची मान हलवली.

"त्यावर काही खाल्लंत?"

त्याने वर कड्याकडे बघितलं. जे खायचं ते बाकावर राहिलं होतं.

माझा मेहुणा असाच घामाने भिजून मिठागराच्या बांधावर बसला होता. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. सावलीत निजवलं. तो उठलाच नाही. नंतर डॉक्टर म्हणाला, साखर एकदम उतरली होती, एक पेढा दिला असता तरी वाचला असता. तेव्हापासून मला तो घाम ओळखता येतो.

माझ्या खांद्याला बायकोने दिलेली पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली आणि घरून आणलेले रव्याचे लाडू. मी डबी उघडून लाडू त्याच्यासमोर धरला. त्याने आधी लाडवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणी केले?"

"तुमच्या विहिणीने."

त्याने तोंड फिरवलं.

मी उठून त्याच्या बाजूला जाऊन बसलो. डबा तिकडे कलला. मी लाडू मोडून तुकडा त्याच्या ओठांशी नेला. त्याने हट्टी पोरासारखे ओठ मिटून घेतले. मग माझा तोल गेला. इतकी वर्षं रागातही मी त्याला अहोजाहो करत होतो, ते सुटलं.

"मरशील हसुराम. खाली तुझी पोर उभी हाय. तिच्या पुढ्यात तुला उतरवून ठेवायचं काम माझ्यावर आणू नको. एवढ्यासाठी आजाची चाल पाळायची?"

"चाल कसली," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, शब्द ओढत ओढत येत होते. "नवस हाय."

मला कळलं नाही. मी म्हटलं, कसला नवस?

मग त्याने सांगितलं. मधे मधे थांबत होता, एखादा शब्द दोनदा म्हणत होता, पण सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी दर्शना माहेरी गेली होती. आई नाही, म्हणून बापाजवळ चुलीशी बसली आणि म्हणाली, बाबा, डॉक्टरांनी तपासलं, दोष माझ्यात आहे. कुणाला सांगू नका. हसुरामने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उठून तो कार्ल्याचा डोंगर चढला आणि एकवीरा आईच्या पुढ्यात बोलला, की माझ्या पोरीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचं पाणी ओठाला लावणार नाही. चाल तर होतीच. लोकांना चाल सांगितली की पुढे कोणी विचारत नाही.

"पाच वर्सं," तो म्हणाला. "तुझ्या घरचं जिताडं समोर येतं, वास येतो. मी हात जोडतो. आता इथं तोंड उघडलं तर आई म्हनंल, म्हाताऱ्याला तेवढापन धीर नव्हता. पोरीचं व्हायचं ते होनार नाय. ते माझ्यानं होनार नाय, घरत. लाडू ठेव."

मी लाडू ठेवला नाही. हातात तसाच होता. त्याचे डोळे आता माझ्या तोंडावर नीट लागत नव्हते, खांद्याच्या वर कुठेतरी बघत होते. अंगठीची टकटक थांबली होती. मला ती थांबलेली जास्त वाईट वाटली. पेटी गप्प. खाली केळीच्या बागेत एक माणूस डोक्यावर टोपी धरून वर बघत होता, एवढाच.

कल्पेशने बंदरावर मला सांगितलं होतं ते माझ्या घराचं होतं. माझ्या एकुलत्या एका मुलाचं. ते मी कुणाच्या ओंजळीत घालणार होतो, तर आमच्याबद्दल सगळ्यांत वाईट बोलणाऱ्या माणसाच्या. तो जगला तर त्याला ते गावभर करता आलं असतं. न सांगता गप्प बसलो असतो, तर त्या डब्यात मला पाहणारंही कुणी नव्हतं.

मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं.

"हसुराम, ऐक. दोष तिच्यात नाय. माझ्या पोरात हाय."

तो बघत राहिला.

"कल्पेशला वयात येताना गालगुंड झालं होतं, त्याच्या मागे ताप. त्यात ते गेलं. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, इथल्यानंही सांगितलं. काही होनार नाय. तुझ्या पोरीनं ते आपल्यावर घेतलं. गावात माझ्या पोराला कोनी हिनवू नये म्हनून. त्याला म्हनाली, बाईला बोलतात ते बाईला सवयीचं असतं. आमच्यापाशी गप्प राहिली, तुझ्यापाशी खोटं बोलली. काल कल्पेशनं मला सांगितलं."

"परत सांग."

मी परत सांगितलं. आता हळू, एकेक शब्द.

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं, गेला हा. मग तो म्हणाला, "म्हंजे पाच वर्सं मी आईपुढं चुकीच्या मानसाचं नाव घेतलं."

मी म्हटलं, हो.

"आईनं तरी काय करायचं मग."

मी म्हटलं, काय करणार.

त्याने हात उचलला. मला वाटलं, लाडू घेतोय, म्हणून मी पुढे झुकलो, आणि त्याने माझ्या थोबाडीत मारली. हातात जोर नव्हता, फटका कानाच्या पाळीवर निसटता लागला. पण मारली. मग तोच हात उलटा करून माझ्यापुढे पसरला.

"दे."

तो खात होता ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. भुकेचं खाणं वेगळं असतं. हे रागाचं होतं. लाडू चावून, मोडून, जणू ते लाडूच त्याच्याशी खोटं बोलले होते. पहिला संपला, दुसरा घेतला. बाटलीला तोंड लावलं आणि पाच वर्षांचं पाणी एका दमात प्यायला. माझाही घसा कोरडा पडला होता. मला विचारलं नाही. शेवटचा थेंबसुद्धा बाटली उपडी धरून जिभेवर घेतला आणि रिकामी बाटली माझ्या मांडीवर टाकली.

हळूहळू घाम ओसरला. डोळे जागेवर आले. जागेवर आल्याबरोबर त्यांत मला ओळखीचा हसुराम दिसला.

"लाडवात वेलची कमी हाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, विहिणीला सांग.

"तिला तूच सांगशील. आजच सांगशील, जे मला सांगितलं ते. आनि गावात परत गेलास की तिनं जिथं जिथं माझ्या पोरीचं नाव घेतलंय, तिथं तिथं उभं राहून तिनं सांगायचं. तिच्या तोंडानं. नायतर मी सांगीन, आनि मी कसा सांगतो ते तुला माहीत हाय."

मी त्याला कल्पेशला दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली.

"तो तू मोडलास. मी माझा मोडला. आता लाज कसली?"

मी रिकामी बाटली पिशवीत ठेवली. आम्ही पुन्हा आपापल्या काचेकडे तोंड केलं. थोड्या वेळाने वारा पडला, पेटीतली बाई पुन्हा दोन भाषांत बोलली, आणि डबा एक हिसका देऊन खाली निघाला. केळीची पानं वर येऊ लागली. त्यांच्या कडा वाऱ्याने फाटून झिरमिळ्या झाल्या होत्या, आमच्याकडे होतात तशाच.

खाली दर्शना आणि कल्पेश उभी होती. दर्शनाचा चेहरा पांढरा पडला होता. दार उघडलं तशी ती धावत आली, हातात पाण्याची बाटली. ती तिने माझ्यापुढे केली. बापापुढे केली नाही. त्यात दुरावा नव्हता, पाच वर्षांत हाताला तेच वळण पडलं होतं.

हसुरामने माझ्या आधी हात पुढे केला आणि बाटली तिच्या हातून घेतली. झाकण काढलं आणि पोरीकडे बघत बघत प्यायला. घोट घोट करून, दिसेल असा.

तिला काय कळलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं. आधी तिला वाटलं, बाप आता मूल होण्याची आशा सोडून बसला. तोंड एवढंसं झालं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या लाल झालेल्या कानाकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "सांगितलंत तुम्ही त्यांना?"

मी मान हलवली. कल्पेश मागच्या मागे वळला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीकडे बघून मला माझा शब्द आठवला, पण बोललेलं परत घ्यायचं म्हटलं तरी घेता येणार नव्हतं.

हसुरामने बाटलीचं झाकण लावलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवील असं मला वाटलं होतं. त्याने तसं काही केलं नाही. तो तिला म्हणाला, "बापाशीपन खोटं बोललीस," आणि मग, "मला कालवन लागतंय. इथं मासळी मिळंल का, तुझ्या नवऱ्याला विचार."

कल्पेशने त्याच्याकडे न बघता खाणावळ दाखवली. आम्ही चौघं एका टेबलाशी बसलो. हसुरामने आपला पेला सुलटा ठेवला. वाढणाऱ्याने त्यात पाणी ओतलं, आणि दर्शना टेबलावरचं फडकं घेऊन उगाच एकाच जागी पुसत राहिली. मासा चांगला होता. हसुराम म्हणाला, यांना कोकम ठाऊक नाही, आणि काटे निवडून निवडून सगळा खाल्ला. जावयाशी मात्र तो त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

वर गेल्यावर बाकावर त्याची पिशवी तशीच होती. बायको तिच्याजवळ बसून होती. कुत्रं येईल म्हणून राखत बसले, म्हणाली. संध्याकाळी हॉटेलात मी तिला सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. मग एवढंच विचारलं, की गालगुंड झालं तेव्हा मी लेप लावला होता, तो चुकला होता का? मी म्हटलं, लेपाचं काही नाही.

गावी परतलो तेव्हा चुलतभावाच्या घरी बारसं होतं. आमच्याच पाळण्यात. बायका जमल्या होत्या, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. माझी बायको पाळण्याची दोरी धरून उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या दर्शनाला बोललात, माझं ऐकून बोललात, आता हेही ऐकून जा. कमी आमच्या पोरात आहे. एवढं बोलून तिने दोरी दुसरीच्या हातात दिली आणि घरी आली. त्या रात्री ती जेवली नाही. कल्पेश त्यानंतर दोन वर्षं आमच्याशी फोनवर नीट बोलला नाही. दर्शना बोलायची, आणि मी काय वाचतोय ते विचारायची.

हसुराम त्यानंतर आमच्या घरी दर आठवड्याला येऊ लागला. ओट्यावर बसायचा, पाणी मागून घ्यायचा, दोनदा मागायचा. मोठ्याने मागायचा, शेजारी ऐकतील असं. जेवायला बसला की मीठ जास्त, आंबट कमी, भात चिकट. मी त्याला म्हणायचो, घरी जाऊन जेवत जा. तो म्हणायचा, राहिलेलं खातोय. आम्ही शेवटपर्यंत एकमेकांशी गोड बोललो नाही, आणि शेवटपर्यंत आमची हाक 'अरे' वरून परत 'अहो' वर गेली नाही.

दोन हजार एकोणीस साली होळीला तो आमच्याकडे पुरणपोळी जेवला. पुरणाला गूळ कमी पडला, असं माझ्या बायकोला सांगून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी, धुळवडीला, हसुराम बाळू म्हात्रे त्याच्या राहत्या घरी वारला.